एन्रॉनचा दवाखाना आणि एन्रॉनचा करार : बहुराष्ट्रीय कंपनीची जबाबदारी नेमकी कुठे असते?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

मी पुण्यात एका परदेशी कंपनीच्या शाश्वतता विभागात काम करतो. गेल्या आठवड्यात आमचं दिवसभराचं शिबिर होतं. विषय होता कंपनीची प्रतिष्ठा आणि सामाजिक जबाबदारी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत वृक्षारोपण, शाळांना दिलेले संगणक, पाण्याच्या टाक्या, फोटो. आम्ही पुरवठादारांशी, कंत्राटदारांशी, सरकारशी जे करार करतो त्यांचा उल्लेख दिवसभरात एकदाही झाला नाही. मी मूळचा गुहागर तालुक्यातला. दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे अंजनवेलच्या वीज प्रकल्पाची ती चिमणी होती. त्यातून हा धागा.

आमच्याकडे प्रकल्पाच्या फाटकावर आज 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' असा फलक आहे, पण एसटीत, रिक्षात कुणी ते नाव घेत नाही. सगळे 'एन्रॉन'च म्हणतात. ती अमेरिकी ऊर्जा कंपनी बुडून वीस वर्षांवर काळ लोटला, तरी नाव गेलं नाही. हे नाव इतकं का रुतलं, त्याबद्दल माझं जे मत झालं आहे ते मांडतो.

ज्यांना तो काळ आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली झाली. जून १९९२ मध्ये एन्रॉनची माणसं भारतात आली आणि काही दिवसांतच, २० जूनला, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. निविदा नाही, स्पर्धा नाही. या प्रकल्पासाठी दाभोळ पॉवर कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्यात एन्रॉनचा ८० टक्के आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा होता. एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने कळवलं की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही. आयात वायूवरची एवढी मोठी वीज घ्यायची, तर कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ ला वीस वर्षांचा वीजखरेदी करार झाला.

कराराचा गाभा समजायला खानावळीचं उदाहरण घेऊ. तुम्ही महिन्याचा डबा लावला. अट अशी की तुम्ही जेवा किंवा नका जेवू, स्वयंपाक तयार आहे एवढं पुरे, महिन्याचे पैसे द्यायचेच. वीज क्षेत्रात याला स्थिर आकार म्हणतात आणि तो बहुतेक प्रकल्पांत असतोच. इथे मात्र तो मोठा होता आणि त्याचा बराच भाग डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर ३१-३२ रुपयांना होता, २००१ मध्ये ४७ च्या आसपास. इंधनाचा खर्च वेगळा, तोही पूर्णपणे मंडळाच्या माथी. १९९९ मध्ये पहिला टप्पा नाफ्त्यावर, म्हणजे खनिज तेलापासून बनणाऱ्या इंधनावर, सुरू झाला आणि २००० मध्ये कच्च्या तेलाबरोबर नाफ्ताही भडकला. त्यात मंडळाने पूर्ण वीज उचलली नाही. स्थिर आकार तेवढाच, युनिटं कमी, म्हणजे प्रत्येक युनिटावरचा बोजा जास्त. काही महिन्यांत दर युनिटला ७ रुपयांच्या वर गेला.

म्हणजे रुपया घसरला, तेल महागलं, मागणी कमी पडली, यांतलं काहीही झालं तरी झळ एकाच बाजूला. कंपनीला कशाचीच नाही. माझ्या मते तिची सामाजिक जबाबदारी तिथे ठरली, आणि ती तिथेच नाकारली गेली. दवाखाना नंतर आला.

हो, कंपनीने दवाखाना उभारला होता. त्यात उपचार घेतलेली माणसं आमच्या तालुक्यात आहेत आणि त्या डॉक्टरांबद्दल कुणी वाईट बोलत नाही. पण त्याच काळात फाटकावर राज्य राखीव पोलीस दल होतं आणि त्याचा खर्च कंपनी देत होती. कायद्यानेच तो द्यावा लागतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस प्रकल्पाला विरोध करणाऱ्या वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले. पुरुष समुद्रावर होते. बायकांना घरांतून ओढून बाहेर काढलं, मारहाण केली, अटक केली. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने यावर सविस्तर अहवाल काढला. अमेरिकेतल्या एका कंपनीचं नाव मानवी हक्कांच्या उल्लंघनाशी असं थेट जोडलं गेलं, आणि त्या अहवालात पानोपानी आमच्या तालुक्यातली गावं आहेत. ज्या बाईला पहाटे केसांना धरून ओढलं, तिला दुपारी तुमच्या दवाखान्यात मलमपट्टी मिळेल, याला जबाबदारी म्हणायचं का?

कंपनीने लोकांशी संवाद साधलाच नाही असंही नाही. तिच्या एका अधिकारी बाईंनी १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सांगितलं होतं की भारतीयांच्या 'शिक्षणा'वर आणि प्रकल्पाच्या तयारीवर सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाले. पण वीजखरेदी करार लोकांपुढे ठेवला नाही. तो गोपनीय. ज्याचे पैसे मी वीस वर्षं भरणार तो कागद मला दाखवायचा नाही, आणि वर मला शिकवायला कोट्यवधी खर्च करायचे!

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी, गेल वगैरेंनी मिळून प्रकल्प हाती घेतला. कित्येक वर्षं लाटारोधक भिंत अपुरी असल्यामुळे पावसाळ्यात वायूची जहाजं धक्क्याला लागू शकत नव्हती.

माझ्या पाहण्यात आलेली एक गोष्ट सांगून थांबतो, नाव कुणाचंच घेणार नाही. एका कारखान्यात कंत्राटी मुलाचा हात यंत्रात गेला. त्या वर्षीच्या चकचकीत अहवालात 'अपघात : शून्य' असं छापलं होतं. कारण मुलगा कंत्राटदाराचा, आमचा नव्हे. त्याला 'आमचा नव्हे' ठरवणारं कलम करारातलंच. अहवालाचं ते पान मी तपासलं होतं आणि माझी सही त्यावर आहे. त्याची लाज मला अजून वाटते.

तुमचे अनुभव आणि मतं लिहा. विरोधी मतंही हवी आहेत.

---

मीटरवाला

मी वीज क्षेत्रात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. लेख प्रामाणिक आहे, पण एक बाजू राहिली.

करारावर दोन सह्या असतात. समोरच्याने वाट्टेल ते मागितलं म्हणून आपण का दिलं? तेव्हा विजेची टंचाई खरी होती, उद्योग ओरडत होते. मागणीचे अंदाज मात्र फुगवलेले. शेतीपंप मीटरविना होते, त्यामुळे गळती किती आणि शेतीचा वापर किती हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. अधिकृत गळती १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जायची. १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला, जाहीर सुनावण्या सुरू झाल्या आणि आकडा ३० च्या वर असल्याचं मान्य करावं लागलं. पुण्याच्या 'प्रयास' गटाने यात फार मोलाचं काम केलं. दाभोळच्या कराराचं गणितही त्यांनी लोकांना उलगडून सांगितलं.

आणि स्वस्त वीज आधी घ्या, महाग शेवटी, हा क्रम आयोगाने लावला तेव्हा दाभोळचा नंबर आपोआप शेवटी गेला. तांत्रिकदृष्ट्या प्रकल्प वाईट नव्हता. संच उत्तम होते, माणसं हुशार होती. माझे काही सहकारी तिथे गेले आणि खूप शिकले. सगळं पाप कंपनीच्या पदरात टाकणं मला पटत नाही.

---

वाशिष्ठीकाठ

काका, मान्य. २००१ च्या माधव गोडबोले समितीनेही ठपका एकट्या कंपनीवर ठेवला नाही. शासनाच्या एकेका पातळीवर कारभार कसा कोसळला ते त्यांनी लिहिलं. एकामागून एक आलेल्या सरकारांनी, वेगवेगळ्या पक्षांच्या, तेच केलं.

पण तुमच्या मुद्द्यातून माझा मुद्दा अधिक पक्का होतो. गिऱ्हाईक एकच, तेही आजारी, गळती न मोजणारं, आणि जागतिक बँकेने लेखी सावध केलेलं. अशा गिऱ्हाइकाकडून न परवडणारं वचन लिहून घेणं ही हुशारी म्हणायची का? राज्याची हमी, वर केंद्राची प्रतिहमी (राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्र देईल), वर लंडनचा लवाद. पैसे बुडू नयेत म्हणून एवढी कुलपं लावली. पण ज्याच्या घराला कुलूप लावताय त्याच्या घरात दाणा आहे का, हे बघितलं नाही. मला ही धोरणाचीच चूक वाटते. नीती आणि धोरण इथे वेगळी काढताच येत नाहीत.

---

ताळेबंद

दादा, मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. कायद्याची बाजू थोडी मांडते.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५, लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची. चांगल्या हेतूने आलेला कायदा. त्या पैशांतून उभी राहिलेली कामं मी लेखापरीक्षणाच्या निमित्ताने गावोगाव पाहिली आहेत आणि ती खरी आहेत.

पण त्यामुळे एक सवय लागली. जबाबदारी म्हणजे २ टक्के. उरलेला ९८ टक्के नफा कसा मिळवला, हा प्रश्न त्या रकान्यात बसतच नाही.

तुम्ही सांगितलेल्या कंत्राटी मुलाबद्दल : शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा जो अहवाल सक्तीचा केला, त्यात कायम नसलेल्या कामगारांचीही माहिती मागितली आहे. मोठी सुधारणा आहे ही. मात्र बऱ्याच बहुराष्ट्रीय कंपन्यांची भारतातली शाखा ही खासगी मर्यादित कंपनी असते, शेअर बाजारात नसते. तिला हा नियम लागू नाही. तिचे कामगार इथे, भागधारक तिकडे. तिकडच्या अहवालात चाकण किंवा रांजणगाव एका आकड्यात विरघळून जातं.

---

कातळफूल

मी रत्नागिरीची. एन्रॉनच्याच काळातली आमच्या शहरालगतची गोष्ट सगळे विसरतात, म्हणून लिहिते.

१९९२ मध्ये स्टरलाइटला रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत तांबं वितळवण्याच्या कारखान्यासाठी जमीन मिळाली होती. बांधकाम सुरू झालं. आंबा बागायतदार, मच्छीमार, शहरातले लोक असे सगळे उठले. १९९३ मध्ये काम थांबवायला लागलं. आमच्याकडे हा मोठा विजय मानला जातो आणि तो होताच.

पण कारखाना रद्द नाही झाला, तो तामिळनाडूत तूतुकुडीला गेला. २२ मे २०१८ ला तिथे त्याच कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि १३ माणसं मेली. त्यानंतर राज्य सरकारने कारखाना बंद केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो सुरू करायला नकार दिला.

गोळीबार झाला त्या दिवशी आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. माझे वडील १९९३ च्या मोर्च्यात होते. ते एवढंच म्हणाले, "आपण ढकलला तो त्यांच्या दारात गेला." कंपनीने पंचवीस वर्षांत रत्नागिरीतून काय शिकलं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलाय. लोक नको म्हणतात तेव्हा जागा बदलायची, की कारखाना बदलायचा?

---

वाशिष्ठीकाठ

ताई, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून काही वेळ पुढे काही लिहावंसंच वाटलं नाही.

---

ह्यूस्टनकर

मी २००३ पासून ह्यूस्टनला आहे, एन्रॉनच्या गावात. इथली बाजू थोडी.

कंपनीची चार घोषित मूल्यं होती : आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. जुलै २००० मध्ये तिने ६४ पानांची आचारसंहिता कर्मचाऱ्यांना वाटली, अध्यक्ष केनेथ ले यांच्या प्रास्ताविकासह. त्यात मानवी हक्कांवरही मजकूर होता. म्हणजे वेलदूरनंतर तीन वर्षांनी. ऑगस्ट २००० मध्ये शेअर ९० डॉलरपर्यंत गेला आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस एका डॉलरच्या खाली आला. दिवाळखोरीपाठोपाठ सुमारे ४००० माणसांना घरी पाठवलं. अनेकांची निवृत्तीची पुंजी त्याच शेअरमध्ये अडकलेली होती.

इथल्या बेसबॉल संघाच्या मैदानाला एन्रॉनचं नाव होतं, करार तीस वर्षांचा. २००२ मध्ये संघाने २० लाख डॉलरच्या वर रक्कम मोजून ते नाव काढून घ्यायचा हक्क विकत घेतला. आमच्या महाराष्ट्र मंडळात मी हे सांगतो तेव्हा कोकणातले लोक हमखास म्हणतात, तुमच्याकडचं निघालं, आमच्याकडचं निघत नाही.

मला वाटतं दाभोळचा करार आणि ह्यूस्टनचे खोटे हिशेब यांची मुळं एकच. जोखीम कुठेतरी दुसरीकडे ढकलायची आणि कागदावर नफा आजच दाखवायचा. इथल्या लोकांना ते २००१ मध्ये दिसलं. गुहागरच्या लोकांना आधी दिसलं होतं, त्यांचं कुणी ऐकलं नाही.

---

डिचोलकर

उलट उदाहरण देतो. गोव्यातला आहे, आमच्या डिचोलीत मॅगीचा कारखाना आहे म्हणून २०१५ जवळून पाहिलं.

उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यापासून सुरुवात झाली. पाकिटावर वेगळं एमएसजी (चव वाढवणारा पदार्थ) घातलेलं नाही असं छापलेलं, आणि तपासणीत ते सापडलं. मग कोलकात्याच्या प्रयोगशाळेने शिसं १७.२ पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) सांगितलं, मर्यादा २.५. मॅगी बनवणारी नेस्ले बरेच दिवस आमच्या चाचण्या ठीक आहेत एवढंच सांगत राहिली. ५ जूनला बंदी आली, त्याच दिवशी जागतिक प्रमुखांना दिल्लीत पत्रकारांसमोर बसावं लागलं. हजारो टन माल परत घेऊन सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाला आमच्याकडच्या नमुन्यांत काही गैर आढळलं नव्हतं, तरी यंत्रं बंद. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण कंपनीला नीट बाजू मांडू दिली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांत चाचण्या झाल्या त्यांना त्यासाठीची मान्यता नव्हती. नव्याने तपासण्या झाल्या, नोव्हेंबरात मॅगी परत आली आणि लोकांनी ती आनंदाने घेतली.

म्हणजे प्रतिष्ठा परत मिळते की! पोरं मॅगी खातात, कुणाला २०१५ आठवत नाही.

---

ताळेबंद

डिचोलकर, एक फरक बघा. मॅगी नको असेल तर मी दुसरं पाकीट उचलते. वेलदूरच्या बाईला दुसरी खाडी उचलता येत नव्हती. गिऱ्हाईक विसरतं, शेजारी विसरत नाही.

आणि विसरण्याबद्दल म्हणाल, तर २०२४ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या नेस्लेच्याच सेरेलॅक या बाळांच्या अन्नात एका वाढणीत सरासरी २.७ ग्रॅम साखर घातलेली असते, आणि स्वित्झर्लंडमध्ये तेच अन्न साखरेविना मिळतं. आपल्या इथल्या नियमात ती साखर बसत होती. पण माझं बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. नियमात बसतं, हे उत्तर मला चालणार नव्हतं. त्याच वर्षी कंपनीने इथेही साखरेशिवायचे प्रकार जाहीर केले. मग आधी का नाही?

---

डिचोलकर

हे पटलं. शेजारी आणि गिऱ्हाईक हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.

---

भांडवलदार_नव्हे

मी वेगळं बोलणार आहे. दाभोळमुळे महाराष्ट्राचं नाव खराब झालं ते करार मोडल्यामुळे. १९९५ ला शिवसेना-भाजप युतीने 'अरबी समुद्रात बुडवू' म्हणून निवडणूक लढवली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला, जानेवारी १९९६ मध्ये पुन्हा मंजूर केला, तोही २०१५ मेगावॅटवरून २१८४ पर्यंत वाढवून. केंद्रात तेरा दिवसांचं सरकार होतं, त्याने जाता जाता प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. परदेशी गुंतवणूकदाराने यातून काय समजायचं? आणि बुडाले कोण? आयडीबीआय, स्टेट बँक, आयसीआयसीआय. आपलेच पैसे. कंपन्यांनी नैतिक असावं हे ठीक, पण शब्द पाळणारं सरकार नसेल तर येणारी कंपनी कुलपं लावूनच येणार.

---

वाशिष्ठीकाठ

तुमचा राग रास्त आहे. १९९५-९६ चा तो उलटसुलट प्रवास मी लेखात टाळला, ते चुकलं.

एका ठिकाणी मात्र अडतो. १९९५ च्या फेरवाटाघाटी समितीने किती दिवसांत उरकल्या? अकरा. १९९२ ला काही दिवस, १९९५ ला अकरा दिवस. एवढा मोठा, वीस वर्षांचा व्यवहार, आणि दोन्ही वेळा लोकांना कागद दिसला नाही. सरकारने शब्द पाळावा हे खरं. पण शब्द ज्यांच्या नावाने दिला त्यांना तो ऐकूच आला नसेल, तर पुढचं सरकार तो मोडायचं आश्वासन देऊन निवडून येणारच. गोपनीयतेने कंपनीला वाटलं आपण सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात तिच्या पायाखालची जमीन तिथेच गेली.

---

साडेतीन_पावलं

माझा जन्म २००२ चा. राजापूर तालुक्यातला आहे. इथलं बरंचसं पहिल्यांदाच वाचलं, सगळ्यांचे आभार.

आमच्याकडे तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी आधी नाणार, मग बारसू. सौदी अराम्को आणि ॲडनॉक या दोन परदेशी कंपन्या आणि आपल्या तीन सरकारी तेल कंपन्या. एप्रिल २०२३ ला बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं तेव्हा मी तिथे होतो. माझ्या घरात दोन मतं आहेत. भाऊ मुंबईत बारा तासांची नोकरी करतो आणि त्याला गावात काम हवंय. आई नको म्हणते. मला दोघांचंही पटतं आणि त्याचाच त्रास होतो. पुन्हा कुणी आलं, तर ग्रामसभेत काय विचारायचं? रोजगार किती, एवढंच विचारलं जातं.

---

मीटरवाला

बाळा, रोजगार विचार, पण कायम किती आणि बांधकामापुरते किती असं फोडून विचार. दाभोळला बांधकामाच्या वेळी तालुका गजबजला होता. संच उभे राहिल्यावर तेवढी माणसं लागत नाहीत, कुठल्याच अशा प्रकल्पात लागत नाहीत. आणि बंद पडला तर जमीन कोण साफ करणार, त्याचे पैसे आजच कुठे बाजूला ठेवलेत, हेही विचार.

---

वाशिष्ठीकाठ

काकांनी सांगितलं तेच. त्यात माझी भर : पोलिसांचा खर्च कोण देणार ते विचार, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घे. कंत्राटी माणसाला अपघात झाला तर तो कुणाच्या नोंदीत येणार, तेही. आणि करार मराठीत मागून घे, पूर्ण, परिशिष्टांसकट. दाभोळची सगळी गोम आकडेमोडीच्या परिशिष्टांत होती. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा असेल तर मला व्यक्तिगत निरोप पाठव, मसुदा मी करून देतो. आईला आणि भावाला दोघांनाही सभेला घेऊन जा.

---

कातळफूल

मीही येईन. कधी आहे सभा?